पड रे मेल्या

जानकीला जाऊन महिना होत आला होता, तेव्हा पोस्टमनने दारात उभं राहून तिच्या नावाने हाक मारली. "जानकी गुणाजी परब! इटलीचं पत्र."

गुणाजी चहाचा कप घेऊन बसला होता. तो उठला आणि त्याने पत्र घेतलं. असल्फ्याच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पोस्टमन तेवढा नवीन होता.

ते पत्र कुणाचं हे त्याला न उघडता कळलं. गेली चार वर्षं दर सप्टेंबरात असं एक पत्र यायचं आणि मग मार्चपर्यंत त्यांची रांग लागायची. तो जानकीला चिडवायचा, "आली गो तुझी टोपलीची चिठ्ठी." ती म्हणायची, "टोपली नाय, बास्केट. शिका जरा." तो काही शिकला नाही.

झालं होतं असं. गुणाजी साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर. एकोणऐंशी साली तिथे इटलीहून एक मोठं मशीन आलं आणि ते बसवायला ब्रुनो नावाचा मेकॅनिक, चार महिन्यांसाठी, बायकोला घेऊन आला. दोघांना हॉटेलचं खाणं सोसेना. शेठने गुणाजीला सांगितलं, तुझ्या घरून डबा आण. जानकीने तिखट कमी करून डबा पाठवला. आठ दिवसांनी ब्रुनोची बायको ग्राझिएला डबा कोण करतं ते बघायला स्वतःच असल्फ्याला येऊन थडकली. उंच, हाडापेराने मजबूत, पायात कॅनव्हासचे बूट. जानकी तेव्हा घरी नव्हती. ती घाटकोपरच्या एका शाळेत शिपाईण होती, जानकीमावशी. शेजारची अनुपमा ग्राझिएलाला शाळेत घेऊन गेली आणि तिथे मैदानात बाईला बास्केटबॉलची रिंग दिसली.

ती रिंग एका बाजूला कलली होती. जाळी कधीच गेली होती. ग्राझिएलाने कोपऱ्यातला बॉल उचलला, दोनदा आपटला आणि लांबून टाकला तो सरळ आत. जानकी झाडू टाकून बघत राहिली. मग म्हणाली, "दे बघू हिकडे."

जानकी मालवणजवळची. लहानपणी कैऱ्या पाडण्यात तिचा हात धरणारा वाडीत कुणी नव्हता. पण बॉल म्हणजे दगड नव्हे. पहिले दहा बॉल इकडेतिकडे गेले. अकरावा रिंगच्या कडेवर बसला, गोल फिरायला लागला, आत पडेना की बाहेर पडेना. जानकी ओरडली, "पड रे मेल्या!" बॉल पडला. ग्राझिएला टाळ्या वाजवत नाचली.

त्या चार महिन्यांत शाळा सुटल्यावर दोघी रोज अर्धा तास खेळायच्या. एक साडी खोचून, एक पँट घालून. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. तरी जाताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि ग्राझिएलाने पत्ता लिहून घेतला.

तिच्या गावात बायकांची टीम होती. ग्राझिएला पूर्वी त्यात खेळलेली, आता टेबलावर बसून स्कोअर लिहायची. गावातल्या दुधाच्या डेअरीने टीमचा खर्च उचललेला, म्हणून टीमला नावही डेअरीचंच. जानकीला ते फार आवडायचं. "आपल्या आरेवाल्यांनी पोरींची टीम काढली तर कशी होईल, तशी," ती चाळीत सांगायची. ही डेअरीच्या पोरींची टीम युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेत खेळायची. सगळ्यांत मोठी स्पर्धा नव्हे, दुसऱ्या नंबरची. पण देशोदेशीच्या टीमा. एक मॅच आपल्या गावात, एक त्यांच्या, मग दोन्हीचे पॉइंट एकत्र धरायचे. जानकीने त्याला आपली नावं दिली होती. गावातली मॅच माहेरची, बाहेरची सासरची. "माहेरी जिंकल्या, सासरी मार खाल्ला," अशी ती बातमी द्यायची. गुणाजी पेपरातून डोकं न काढता "हं" म्हणायचा.

पत्रं मोडक्यातोडक्या इंग्रजीत यायची. वाचायची अनुपमा, उत्तर लिहायचीही तीच. तेव्हा ती दहावीत होती, आता चेंबूरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती.

त्या सप्टेंबरच्या पत्रात नेहमीप्रमाणे मॅचचं टाइमटेबल होतं. अनुपमाने ते वाचलं आणि खाली ठेवलं.

"काका, कळवायला हवं ना."

"लिही."

"काय लिहू?"

 'गेली' याखेरीज दुसरा शब्द गुणाजीच्या तोंडातून तेराव्यालाही निघाला नव्हता. "लिही, जानकी देवाघरी गेली. आम्ही सगळे दुःखात आहोत. पण देवाची मर्जी."

अनुपमाने शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं. तिलाही दुसरा शब्द लिहवत नव्हता. जानकीकाकीनेच तिला वेणी घालायला शिकवलं होतं.

उत्तर ऑक्टोबरात आलं. अनुपमा ऑफिसातून आली ती थेट गुणाजीकडे. वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीवर अडली.

"काय झालं?"

"काका, ही म्हणते... बातमी वाचून आश्चर्य वाटलं. पण जानकीसाठी आनंदही वाटला."

"आनंद?"

"थांबा. माझ्या नवऱ्याची आत्याही देवाच्या घरी गेली. तीस वर्षं झाली. तिथे ती खूप सुखात आहे. बाग बघते. आम्ही वर्षातून दोनदा तिला भेटून येतो."

गुणाजी तिच्याकडे बघत राहिला. "भेटून येतात?"

"असंच लिहिलंय."

"बाईचं डोकं फिरलं की काय गो?"

"पुढे ऐका. गुणाजी, तू मोठ्या मनाचा माणूस आहेस. नवरा असून तू तिला जाऊ दिलंस."

हे वाक्य मात्र गुणाजीच्या छातीत बसलं. काविळीने बारा दिवसांत बाई गेली. पहिले चार दिवस तोच म्हणत होता, उन्हाचं असेल, लिंबू-सरबत घे.

दुसऱ्या दिवशी अनुपमाने हे कोडं ऑफिसातल्या फिलोमिनाला घातलं. फिलोमिना टेलिफोनवर बसायची, वसईची ख्रिस्ती. ती पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "अगं, त्यांच्यात देवाचं घर म्हणजे कॉन्व्हेंट, नन्सचा मठ. तिला वाटलं तुझी काकी नन झाली."

संध्याकाळी अनुपमाने हे गुणाजीला सांगितलं. त्याने भिंतीवरच्या जानकीच्या फोटोकडे पाहिलं. शंभर माणसांत मोठ्याने हसणारी, मासे खाताना काटा न् काटा चोखणारी ती बाई पांढरा झगा घालून इटलीच्या देवासमोर हात जोडून उभी आहे, असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"सुरमईशिवाय एक दिवस काढला नसता तिने," तो म्हणाला.

"उलट टपाली खरं लिहून टाकू?"

"पुढच्या वेळी लिहू," गुणाजी म्हणाला. "आता मॅच कधी आहे त्यांची?"

अनुपमाने चमकून वर पाहिलं. चार वर्षांत काकांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

पुढच्या वेळी लिहायचं ते त्याच्या पुढच्या वेळी गेलं. पत्रं येत राहिली, आता पाकिटावर गुणाजीमार्फत जानकी असं नाव घालून. तुझ्या मठात पत्रं देत नसतील तर गुणाजी भेटायला येईल तेव्हा वाचून दाखवील, असं ग्राझिएला लिहायची. पत्राला पोचायला पंधरा-अठरा दिवस लागत. त्यामुळे तिकडे हरलेली मॅच असल्फ्यात अडीच आठवडे हरलेली नसायची. गुणाजीला ते बरं वाटायचं. कारखान्यात कानस मारताना तो मनात हिशेब करायचा, आज माहेरची मॅच झाली असणार, पण आपल्यासाठी ती अजून व्हायचीय.

नोव्हेंबरात डेअरीच्या पोरी बल्गेरियाच्या टीमशी खेळल्या. माहेरी एकाहत्तर-बासष्ट अशा जिंकल्या. सासरी अठ्ठावन्न-चौसष्ट हरल्या. अनुपमा बेरीज करायच्या आत गुणाजी म्हणाला, "तीन पॉइंटांनी पुढे. निघाल्या." रविवारी त्याने फोटोचा हार बदलला आणि फोटोलाच सांगितलं, "तीन पॉइंटांनी. काठावर." मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

त्याला आता कळत होतं की आपण पत्र का लिहीत नाही. चाळीत जानकी नव्हती, शाळेत तिच्या जागी दुसरी शिपाईण आली होती, रेशनकार्डावरून नाव कमी झालं होतं. सगळ्या जगात एका गावात तेवढी ती होती. कुठल्यातरी मठात, बाग बघत, दर पंधरा दिवसांनी स्कोअर ऐकत. आपण एक ओळ लिहिली की तिथूनही ती जाणार. आणि पत्रं थांबणार. मेलेल्या बाईला कोण मॅचचा निकाल कळवतं?

डिसेंबरच्या पत्रात ग्राझिएलाने एक गंमत लिहिली होती. अनुपमा वाचत होती, "आमच्या पोरींना मी जानकीचा मंत्र शिकवला आहे. बॉल रिंगवर फिरायला लागला की बाकावरच्या सगळ्या एकदम ओरडतात... पा दे रे मे ली या." ती थांबली. "हे काय? इटालियन वाटतं."

"परत म्हण."

"पादेरे मेलिया."

गुणाजीने कप खाली ठेवला. "अगो, पड रे मेल्या!"

दोघं अशी हसली की पलीकडची शांताबाई लाटणं हातात घेऊन दारात आली. "काय झालं रे गुणाजी?"

"काय नाय. तिकडे युरोपात दहा गोऱ्या पोरी जानकीची शिवी देतायत."

"चांगलंच आहे की," शांताबाई म्हणाली. "त्यांना पण कळू दे." जानकी गेल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं, हे तिघांच्याही ध्यानात आलं आणि शांताबाई पदराने डोळे टिपत परत गेली.

पत्राच्या शेवटी ग्राझिएलाने विचारलं होतं, या शब्दाचा अर्थ काय? जानकीने खुणेने सांगितलं होतं की हा बॉलशी बोलायचा शब्द आहे. त्याचं उत्तर गुणाजीने दिलं नाही.

जानेवारीत त्या प्रागच्या टीमला हरवून पुढे गेल्या. फेब्रुवारी संपता संपता पत्र आलं की पोरी फायनलला पोचल्या. एकवीस मार्चला, तिसऱ्याच देशात, एकच मॅच. "ना माहेर ना सासर," अनुपमा म्हणाली. पण पत्र तेवढंच नव्हतं. मशीनच्या दुरुस्तीसाठी ब्रुनोला मे महिन्यात पुन्हा मुंबईला पाठवत होते. ग्राझिएलाही येणार होती. सगळ्या पोरींनी सह्या केलेला बॉल जानकीसाठी आणणार होती. गुणाजी, जानकीच्या मठाच्या मोठ्या बाईंना विचारून ठेव, तिने लिहिलं होतं, मला तिला अर्धा तास भेटू देतील ना? रिंग नसली तरी चालेल.

अनुपमाने पत्राची घडी घातली. "काका, आता सांगायलाच हवं."

"हं."

"ती बाई इथे येऊन उभी राहिली तर काय दाखवणार तिला?"

"कळतं गो मला!" गुणाजी ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "सांगितलं की संपलं."

"संपेल कसं?"

"तू लहान आहेस."

 तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघालेल्या अनुपमाला त्याने जिन्यात गाठलं. "संध्याकाळी पेन घेऊन ये."

संध्याकाळी तो ताठ बसून होता. "लिही. जानकी मेली."

अनुपमाचं पेन थांबलं.

"हेच लिही. सरळ. गेली नाय, देवाघरी नाय. मेली. काविळीने. ऑगस्टमध्ये. मठात वगैरे कुठे नाय. चूक माझी. मला तो शब्द बोलवला नाय, म्हणून हिने तसं लिहिलं, आणि तुझा गैरसमज कळल्यावरही मी गप्प राहिलो, कारण तुझी पत्रं येत होती. मी मोठ्या मनाचा नाय. मी तिला जाऊ दिलं नाय, ती गेली." तो थांबला. "लिहिलंस?"

"हो."

"आता खाली लिही, मेल्या म्हणजे काय ते. तो याच शब्दातून निघतो. मेलेला. आमच्याकडे बायका पोरांना म्हणतात, कुत्र्याला म्हणतात, ज्याच्यावर जीव असतो त्याला म्हणतात. त्यात मरण नसतं. लिही, आमच्याकडे असंच आहे."

पत्र पडलं पेटीत. मग गुणाजीला एक नवीनच धास्ती बसली. तीन मार्चला टाकलेलं पत्र एकवीसच्या आत पोचू शकतं. ग्राझिएला रडत टेबलावर बसणार. पोरींना अर्थ कळला तर त्या तो शब्द उच्चारायच्या नाहीत. ऐन फायनलला बाक गप्प बसला तर?

"काका, त्यांच्या ओरडण्याने बॉल पडतो का?" अनुपमा म्हणाली.

"तुला काय माहीत? जानकीचा पडायचा."

एकवीस तारखेला त्याने कारखान्यात सकाळपासून तीन पीस खराब केले. मार्च संपला. पाडवा झाला. पोस्टमन यायचा आणि पुढे जायचा. गुणाजीने मनाची तयारी केली. बाईने काय लिहायचं आता? सहा महिने फसवलं तिला. राग आला असेल तर बरोबरच आहे. नुसता निकाल तरी कळवायला हवा होता, एवढंच त्याला वाटत होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमनने हाक मारली. "गुणाजी परब! इटली."

"कुणाच्या नावावर?"

"तुमच्याच. वाचा की."

गुणाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं ते पगाराच्या कागदावर पाहून माहीत होतं. तेच नाव होतं. पुढेमागे जानकीचं नाव कुठे नव्हतं. त्याने पाकीट दिवसभर खिशात ठेवलं, अनुपमा येईपर्यंत.

अनुपमाने वाचलं. पत्र एकोणीस मार्चला मिळालं, ग्राझिएलाने लिहिलं होतं. मी चर्चमध्ये गेले. तिथे रडले. मग रागावले, गुणाजी, तुझ्यावर, थोडीशी. मग मला आठवलं की सहा महिने मी जानकीला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहिलं. खरं कळलं असतं तर लिहिलं नसतं. मला त्यातलं एकही पत्र परत नको आहे.

"पुढे," गुणाजी म्हणाला.

"मॅचच्या आधी मी पोरींना सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थही. मला वाटलं, आता त्या तो म्हणणार नाहीत. आमची कॅप्टन म्हणाली, मग तर मोठ्याने म्हणायला हवं."

अनुपमाने पान उलटलं.

"आम्ही हरलो. सहासष्ट-सदुसष्ट. शेवटच्या सेकंदाला आमचा बॉल रिंगवर होता. तो दोनदा फिरला. सगळा बाक ओरडत होता, मी टेबलावर बसून ओरडले, स्कोअर लिहिणाऱ्याने ओरडायचं नसतं. बॉल बाहेर पडला. त्याने ऐकलं नाही. पण गुणाजी, जानकीचंही तो दर वेळी ऐकायचा नाही, मी पाहिलं आहे. आम्ही मे महिन्यात येतो आहोत. बॉल आणते आहे. आता मठात न्यायचा नाही, तर शाळेत नेऊ. ती रिंग अजून वाकडीच आहे का? ऑक्टोबरात नवीन सीझन सुरू होईल. टाइमटेबल कुणाला पाठवू ते कळव."

 गुणाजीने फोटोकडे बघून सांगितलं, या वेळी इकडेतिकडे न बघता, "एका पॉइंटाने हरल्या गो." मग अनुपमाला म्हणाला, "लिही. टाइमटेबल मला पाठव. आणि लिही, आभारी आहे. जानकीला सहा महिने सांभाळलंस. नीट लिही, शब्दाला शब्द नको."

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी होती. गुणाजी पाने-पक्कड आणि तेलाचा डबा घेऊन शाळेत गेला. हेडमास्तरीण वसुधाबाई ऑफिसातून बाहेर आल्या.

"गुणाजी, शिडी कशाला हवीय?"

"रिंग काढतो. कारखान्यात नेऊन सरळ करतो, नवीन ब्रॅकेट मारतो."

"आज कसं सुचलं?"

"जानकी सांगत होती."

"कधी?"

"चार वर्षं," गुणाजी म्हणाला आणि शिडी चढला.

तीन नट निघाले. चौथा गंजून बसला होता. त्याने तेल सोडलं, पाना लावला, सगळं वजन टाकलं. नट हलेना. त्याचा घाम डोळ्यांत उतरला. "निघ रे मेल्या," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून शिडीवर तसाच थांबला. खाली वसुधाबाईंनी शिडी धरली होती, त्या मान वळवून दुसरीकडे बघू लागल्या. थोड्या वेळाने त्याने पुन्हा पाना लावला. नट करकरत सुटला.

रिंग खांद्याला अडकवून तो साकीनाक्याच्या बसमध्ये चढला. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता खालीवर पाहिलं.

"काय हो, ही कसली टोपली? बूडच नाय हिला."

"टोपली नाय," गुणाजी म्हणाला. "बास्केट. मे महिन्यात पाहुणे यायचेत."